तोटा कोणाचा?

मराठी घरांत बेदरचं नाव पोचलं ते दामाजीपंतांच्या कथेतून. मंगळवेढ्याच्या सरकारी कोठारातलं धान्य दामाजीपंतांनी दुष्काळात भुकेल्यांना वाटलं. बेदरच्या बादशहाने त्यांना धरून आणायला माणसं धाडली. इकडे पंढरपूरचा विठोबा विठू महाराच्या रूपात दरबारात पोचला आणि धान्याची किंमत भरून मोकळा झाला. कीर्तनकार इथे सोन्याच्या राशीवर रमतात. माझं लक्ष दर वेळी पुढच्या तपशिलाकडे जातं. पैसे भरल्यावर विठूने पावती मागून घेतली.

त्याच बेदरातली हिशेबाची आणखी एक हकिगत फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान हा मूळचा इराणातल्या गीलानचा व्यापारी. १४५३च्या सुमारास तो दख्खनमध्ये आला, बेदरला स्थिरावला आणि वजिरीपर्यंत चढला. ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा त्याचा किताब. १४७२मध्ये त्याने बांधलेल्या मदरशाचा एक मिनार आणि त्यावरच्या रंगीत फरशा आजही बेदरच्या जुन्या शहरात पाहता येतात. ५ एप्रिल १४८१ला, दरबारातल्या शत्रूंनी रचलेल्या एका बनावट पत्रावरून, सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. मग सुलतानाला त्याच्या संपत्तीची आठवण झाली. खजिनदाराला बोलावलं, तर पेटीत फारसं काहीच निघालं नाही.

खजिनदाराने दिलेला हिशेब असा. वजिरीचं उत्पन्न सैन्य, हत्ती-घोडे आणि गोरगरीब यांच्यावर खर्च व्हायचं. स्वतःच्या पोटासाठी गवान त्यातून काही घेत नसे. गीलानहून येताना त्याने चाळीस हजार लाऱ्या आणल्या होत्या. लारी म्हणजे चांदीच्या तारेचं दुमडलेलं नाणं. ते भांडवल तो दर वर्षी व्यापारात घाली, येणाऱ्या नफ्यातून रोजच्या दोन लाऱ्यांत स्वतःचा स्वयंपाकखर्च भागवी आणि उरलेलं आई, नातलग व गरजू यांना पाठवी. फरिश्त्याने हे शंभरेक वर्षांनंतर लिहिलं, त्यामुळे त्यात आदराचा रंग मिसळलेला असणार. पण आदर्श म्हणून त्या काळच्या लोकांनी कोणतं चित्र जपलं ते पाहा. राज्यातला सर्वांत बलाढ्य माणूस आपला पैसा व्याजाने लावत नाही, मालात घालतो. माल बुडाला तर पैसाही बुडणार, हे त्याला मान्य आहे.

इस्लामी अर्थव्यवहार समजून घ्यायचा तर एवढंच एक टोक घट्ट धरावं. लाभ त्याचा, ज्याच्या डोक्यावर जोखीम, या अर्थाचं एक जुनं सूत्र मुस्लिम धर्मशास्त्रात आहे. बाकीचे नियम बहुतेक त्यातूनच फुटलेले आहेत. त्यामुळे कोणताही व्यवहार समोर आला की मी एकच प्रश्न विचारतो: तोटा झाला तर कोणाचा?

‘रिबा’ या अरबी शब्दाचा अर्थ वाढ. उर्दूत आणि दखनीत त्याला ‘सूद’ म्हणतात. कर्ज देतानाच, परत घेताना मुद्दलापेक्षा जास्त घेईन असं ठरवलं, की ती जास्तीची रक्कम रिबा. दर थोडा की फार याने फरक पडत नाही. कुराणात व्यापाराला मुभा आणि रिबाला मनाई शेजारी-शेजारी सांगितली आहे. म्हणजे आक्षेप नफ्यावर नाही, आणि पैसेवाल्याने पैसा वाढवण्यावरही नाही. आक्षेप आहे तो घेणाऱ्याचं दुकान चालो, जळो, पाऊस पडो, न पडो, आपली वाढ ठरलेली ठेवण्यावर.

पैगंबरांच्या वचनांमध्ये सहा वस्तूंचा उल्लेख येतो: सोनं, चांदी, गहू, जव, खजूर आणि मीठ. यातली एकच जिनस एकमेकांत बदलायची तर समान मापाने आणि हातोहात. शहरी वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. गव्हाच्या बदल्यात गहू कोण घेईल? भालकी-औरादकडच्या किंवा आळंदच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पेरणीला बी नाही म्हणून ज्वारी उचलायची आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने फेडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. एक पोतं घेतलं तर सव्वा द्यायचं, दिढीने घेतलं तर दीड. मधे चार-सहा महिनेच गेलेले असतात. पैसा हाताला न लागता धान्यातूनच सावकारी होते, आणि त्या सहा वस्तूंच्या नियमाने अडवलं आहे ते नेमकं हेच.

व्याजाला वेसण घालणारा हा एकटाच धर्म नव्हे. आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता. साचलेलं व्याज एका वेळी मुद्दलाच्या वर मागता येत नसे. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंसाठी इंग्रजी काळातही मानला. दोन्हींतला फरक मात्र लक्षात घ्यावा. दामदुपट व्याजाला कुंपण घालते, रिबाची मनाई व्याजाची जागाच काढून घेते.

मग व्याजाशिवाय कर्ज द्यायचं कसं? त्याला शब्द आहे ‘कर्ज-ए-हसना’, चांगलं कर्ज. मराठीत त्याच्या जवळ जाणारा शब्द हातउसने. मुलाची फी भरायची आहे, दवाखान्यात डिपॉझिट ठेवायचं आहे, शेजाऱ्याने दिले, महिन्याने परत केले, तेवढेच केले. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, शक्य झालं तर सोडूनच द्या, अशी कुराणाची शिकवण आहे. पण हातउसन्यावर घरं चालतात, बाजार चालत नाही. दुकान टाकायला, ट्रॅक्टर घ्यायला, विहीर पाडायला लागणारा पैसा कोणी नुसत्या पुण्यासाठी वर्षानुवर्षं अडकवून ठेवणार नाही. धर्मशास्त्राच्या पंडितांना हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी कर्ज बाजूला ठेवून भागीदारी, विक्री आणि भाडं या तीन वाटांवर आपली सगळी बुद्धी खर्च केली.

पहिली वाट भागीदारीची. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, याला ‘मुदारबा’ म्हणतात. पैगंबरांनी विवाहापूर्वी खदीजा यांच्या भांडवलावर व्यापार केला, तो याच प्रकारचा मानला जातो. नफ्याची वाटणी हिश्श्यात आधी ठरवायची: निम्मा-निम्मा, किंवा साठ-चाळीस. महिन्याला इतके हजार अशी ठोक रक्कम ठरवता येत नाही. तोटा झाला आणि कष्ट करणाऱ्याने हयगय किंवा लबाडी केली नसेल, तर पैसा बुडाला तो पैसेवाल्याचा. दुसऱ्याची मेहनत फुकट गेली, हा त्याचा तोटा. दोघांनीही पैसे घातले तर ती ‘मुशारका’. तिथे नफ्याचा हिस्सा ठरवाल तसा, पण तोटा मात्र ज्याने जितकं भांडवल घातलं त्या प्रमाणातच.

बटईने शेत करणाऱ्यांना यात नवं काय दिसेल? जमीन एकाची, राबणं दुसऱ्याचं, रास झाल्यावर निम्मी-निम्मी. शेळ्यासुद्धा वाट्याने पाळायला देतात. शेतीतल्या या वाटेकरीवर मुस्लिम पंडितांत मोठा वाद झाला. इमाम अबू हनीफांनी ती अमान्य केली, त्यांच्याच दोन प्रमुख शिष्यांनी, अबू युसूफ आणि मुहम्मद यांनी, मान्य केली, आणि हनफी परंपरेत व्यवहार शिष्यांच्या मताने चालला. अट एकच. वाटा रासेतला हवा. ‘पिको न पिको, एकरी चार पोती मालकाची’ असा वाटेकरीचा करार चालत नाही, कारण मग दुष्काळाचा सगळा भार वाटेकऱ्यावर पडतो.

दुसरी वाट विक्रीची. आज जगभरच्या इस्लामी बँकांचा बराच मोठा व्यवहार याच वाटेने जातो आणि सगळ्यात जास्त शंकाही हिच्याबद्दलच घेतल्या जातात, म्हणून इथे जरा थांबू. समजा, बसवकल्याणच्या एका बाईला शिलाई मशीन हवं आहे. किंमत २०,००० रुपये. ‘मुराबहा’ पद्धतीत संस्था तिला पैसे देत नाही. संस्था स्वतः मशीन विकत घेते, ताब्यात घेते, आणि मग तिला सांगते: आम्हाला हे वीस हजारांना पडलं, तुम्हाला तेवीस हजारांना देतो, दहा हप्त्यांत फेडा. मूळ किंमत आणि वरचा नफा दोन्ही उघड सांगायचे, हीच मुराबह्याची ओळख.

कोणीही विचारील की तीन हजार जास्त घेतलेच ना, मग हे व्याज नाही तर काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन ठिकाणी आहे. एक, दुकानातून निघालेलं मशीन बाईच्या घरी पोचण्याआधी टेम्पोत मोडलं तर नुकसान संस्थेचं, कारण त्या घडीला मालक संस्था आहे. दोन, एकदा तेवीस हजार ठरले की ठरले. बाईचा हप्ता दोन महिने चुकला तरी ते चोवीस होत नाहीत. मुद्दाम टाळाटाळ करणाऱ्यावर दंड लावला तरी तो संस्थेच्या नफ्यात जात नाही, दानधर्मात जातो, असा आजचा सर्वसाधारण नियम आहे. व्याजाचं कर्ज मात्र हप्ता चुकला की फुगत जातं, आणि माणूस मरतो तो त्या फुगण्याने. २०२५च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला मायक्रोफायनान्सच्या वसुलीतल्या जाचाविरुद्ध वटहुकूम काढावा लागला, तेव्हा गावोगावच्या बाया हेच सांगत होत्या.

पण हे सगळं खरं कधी, तर संस्था मशीनची मालक खरोखर झाली तर. पुष्कळ ठिकाणी ही मालकी कागदावर काही मिनिटांपुरती असते. माल कोणी पाहत नाही, जोखीम कोणी घेत नाही, आणि नफ्याचा दर शेजारच्या व्याजी बँकेच्या दरावरून ठरतो. ‘तवर्रुक’ नावाचा प्रकार तर आणखी पुढचा. ग्राहकाने बँकेकडून उधारीत धातू घ्यायचा, बँकेनेच तो त्याच्या वतीने लगेच रोखीने विकायचा, आणि ग्राहकाच्या हातात रोकड व डोक्यावर जास्तीचं देणं ठेवायचं. मुस्लिम देशांच्या संघटनेच्या फिकह (धर्मशास्त्र) अकादमीने २००९मध्ये असा संघटित तवर्रुक अमान्य ठरवला. तरी तो अनेक देशांत चालू आहे. मराठी वाचकाला ‘मुदत खरेदी’ आठवावी. सावकार कर्जाचा कागदच करत नाही, शेताचं खरेदीखत करून घेतो आणि तोंडी सांगतो की पैसे दिलेस की पलटवून देईन. वर विक्री, आत व्याज. असले व्यवहार मोडून जमीन परत देण्याची तरतूद महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्यात करावी लागली. व्यवहाराला दिलेलं नाव अरबी असो की मराठी, आतला जीव बदलत नाही.

विक्रीच्याच वाटेवरचे आणखी दोन प्रकार बेदर-कलबुर्गीच्या भागाला अगदी चपखल बसतात. नसलेली वस्तू विकू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. त्याला दोन अपवाद केले: शेतमालासाठी ‘सलम’, कारागिरासाठी ‘इस्तिस्ना’.

कलबुर्गी म्हणजे तुरीचं आगर. इथल्या तूरडाळीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सलममध्ये खरेदीदार तुरीची संपूर्ण किंमत आज देतो आणि शेतकरी ठरल्या दिवशी, ठरल्या प्रतीची, ठरल्या वजनाची तूर देतो. किंमत अर्धी आता, अर्धी नंतर, असं चालत नाही, कारण ही सवलत शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळावा म्हणूनच दिलेली आहे. आणि एक बारकावा फार सुंदर आहे: अमक्या शेतातलीच तूर, असा करार करता येत नाही. त्या शेतावर अळी पडली, तर? म्हणून फक्त प्रत आणि वजन लिहायचं. शेतकऱ्याने हवं तर बाजारातून आणून द्यावं. उभ्या पिकावर उचल देऊन भाव पाडून घेणाऱ्या आडत्याच्या व्यवहारापेक्षा हे स्वच्छ आहे. पण सलमनेही भाव न्याय्य मिळेलच असं नाही, हे इथे सांगायलाच हवं. गरजवंत शेतकरी सलममध्येही गरजवंतच असतो, आणि घासाघीस करण्याची ताकद त्याला कोणतंही धर्मशास्त्र आपोआप देत नाही.

इस्तिस्ना बिदरीच्या कारागिराला समोर ठेवूनच घडवला असावा, असं वाटावं इतका इथल्या कामाशी जुळतो. जस्त आणि तांब्याचं ओतीव भांडं, त्यावर कोरीव रेषा, त्या रेषांत ठोकून बसवलेली चांदी, आणि बेदरच्या किल्ल्यातली जुनी माती वापरून आणलेला तो गहिरा काळा रंग. सुरई घडायला दिवसच्या दिवस जातात, आणि चांदी आधी घ्यावी लागते. इस्तिस्न्यात गिऱ्हाईक नमुना, आकार, किंमत ठरवून वस्तू घडवायला सांगतं. पैसे आधी, टप्प्याटप्प्याने किंवा शेवटी, जसं ठरेल तसे. कारागिराला चांदीसाठी व्याजाने पैसे उचलण्याऐवजी आगाऊ रक्कम मिळू शकते, आणि वस्तू ठरल्याप्रमाणे झाली नाही तर गिऱ्हाईक ती नाकारू शकतं.

तिसरी वाट भाड्याची, ‘इजारा’. इथे फार थांबायला नको. संस्था रिक्षा किंवा घर विकत घेऊन भाड्याने देते, मोठी दुरुस्ती मालकाकडे, रोजची देखभाल वापरणाऱ्याकडे, मुदतीअंती वस्तू वापरणाऱ्याच्या नावावर. ‘सुकूक’ नावाचे रोखेही अशाच भाड्यावर किंवा भागीदारीवर उभे असतात. २०१४मध्ये ब्रिटनच्या सरकारने वीस कोटी पौंडांचे सुकूक काढले, यावरून ही गोष्ट आता मुस्लिम देशांपुरती उरलेली नाही हे कळेल.

रिबाबरोबर आणखी दोन मनाया येतात. ‘गरर’ म्हणजे व्यवहारातला अंधार: पाण्यातला मासा, पळालेलं जनावर, काय मिळणार हेच ठाऊक नसलेला सौदा. ‘मैसिर’ म्हणजे जुगार. आणि ज्याच्याकडे साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी किंवा त्याहून जास्त शिल्लक वर्षभर आहे, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, जकात म्हणून द्यायचा. पावसावरच्या पिकाचा दहावा आणि ओलिताच्या पिकाचा विसावा हिस्सा द्यायची रीत आहे. पाणी शेंदायचा खर्च वजा जाऊन ओलिताला निम्मा भार! गावोगावच्या मशिदींच्या बैतुलमालमध्ये, म्हणजे सार्वजनिक निधीत, हा पैसा जमतो आणि विधवा, विद्यार्थी, आजारी यांच्याकडे जातो.

आता इतिहासाकडे, कारण या विचाराच्या आधुनिक जन्मात आपल्या मुलखाचा मोठा वाटा आहे आणि तो मराठीत फारसा कोणी सांगत नाही. बेदर (आजचं बीदर) आणि गुलबर्गा (आजचं कलबुर्गी) १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातले जिल्हे, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद यांचे सोबती. हैदराबाद संस्थानाला कर्जाने केवढं पोळलं होतं! पामर आणि कंपनी या पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या सरकारला जबर व्याजाने पैसे दिले. पुढे इंग्रजांच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी साचली आणि १८५३च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. खाली रयतेच्या पातळीवर मारवाडी आणि लिंगायत सावकार होते, तसेच अरब आणि रोहिले सावकारही होते. वसुलीला हे हत्यारानिशी दारात बसत. धर्माने व्याज निषिद्ध असलेली माणसंही व्याजाने गब्बर होत होती, ही गोष्ट लपवून इस्लामी अर्थविचार सांगता येत नाही. उलट हा विचार इथे का रुजला, त्याचं एक कारण तेच असावं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात हैदराबादेत बिनव्याजी पतसंस्था उभ्या राहिल्या. १९२३च्या सुमारास सरकारी नोकरांनी चालवलेली ‘अंजुमन इमदाद-ए-बाहमी कर्जा बिला सूद’ त्यातली ठळक. नावाचा अर्थ परस्पर साहाय्याची बिनव्याजी कर्ज संस्था. सभासदांनी दरमहा थोडं थोडं जमवायचं आणि गरजेला त्यातूनच उचलायचं. आपल्या भिशीत आणि सहकारी पतपेढीत जे बीज आहे, तेच इथे व्याजाशिवाय पेरलं होतं.

हैदराबादेतच १९०८मध्ये जन्मलेले आणि उस्मानिया विद्यापीठात शिकवणारे डॉ. मुहम्मद हमीदुल्ला यांनी या संस्थांचा प्रयोग पुढे जगापुढे मांडला. १९४८नंतर ते पॅरिसला राहिले आणि आयुष्यभर विद्याव्यासंगात रमले. उस्मानियाच्याच अर्थशास्त्र विभागातले अन्वर इक्बाल कुरेशी यांनी १९४०च्या दशकात व्याजाच्या सिद्धान्तावर इस्लामी दृष्टीने पुस्तक लिहिलं. आणि ज्यांच्या लिखाणातून ‘इस्लामी अर्थशास्त्र’ ही संज्ञा सर्वत्र पसरली ते मौलाना मौदूदी जन्मले औरंगाबादला, १९०३मध्ये. त्यांच्या राजकीय विचाराशी माझं जुळत नाही. पण अर्थविचारातला त्यांचा प्रभाव नाकारून इतिहास पुरा होत नाही.

बँकेचं रूप मात्र या विचाराला बाहेर मिळालं. १९६३मध्ये इजिप्तच्या मीत घम्र या गावी अहमद अल-नज्जार यांनी जर्मनीतल्या बचत बँका पाहून खेडुतांसाठी बिनव्याजी बचत बँक काढली. ती चार वर्षं टिकली. १९७५मध्ये दुबई इस्लामिक बँक आणि जेद्दाची इस्लामी विकास बँक सुरू झाल्या, आणि तेलाच्या पैशाने या व्यवहाराचा व्याप वाढला. एकमत तेव्हाही नव्हतं, आजही नाही. इजिप्तचे मुफ्ती तंतावी यांनी १९८९मध्ये काही बचत रोख्यांवरचा परतावा वैध ठरवला होता.

मग बीदरच्या बाजारपेठेत इस्लामी बँकेची पाटी का दिसत नाही? कारण कायदा. १९४९च्या बँकिंग नियमन कायद्याच्या आठव्या कलमाने बँकेला मालाची खरेदी-विक्री करायला मनाई आहे. म्हणजे मुराबहा बंद. नवव्या कलमाने स्वतःच्या वापराखेरीज स्थावर मालमत्ता सात वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणजे घराचा इजारा अवघड. शिवाय घर आधी संस्थेच्या आणि मग ग्राहकाच्या नावावर करायचं तर मुद्रांक शुल्क दोनदा. ब्रिटनने ही दुहेरी आकारणी २००३मध्ये काढून टाकली. आपल्याकडे रघुराम राजन समितीने २००८मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार करावा असं सुचवलं, डिसेंबर २०१५मध्ये दीपक मोहंती समितीने साध्या बँकांत बिनव्याजी खिडकी सुचवली, आणि २०१७मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. सर्व नागरिकांना बँकसेवा समान खुल्या आहेत, हे कारण दिलं. मला ते पुरेसं वाटत नाही. दार सगळ्यांना उघडं असलं तरी आत एकच पदार्थ वाढला जात असेल, तर तो न खाणारा माणूस उपाशीच परततो. व्याज न घेणाऱ्या खातेदाराचा फायदा बँकेला होतो, पण त्याला दुकान टाकायला लागणारं भांडवल त्याच्या श्रद्धेत बसेल अशा रीतीने कोणी देत नाही.

वाट उरते सहकाराची. २०१६मध्ये सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने बार्शी शाखेत बिनव्याजी ठेवी आणि बिनव्याजी कर्जाची योजना सुरू केली. बँकेमागचं नाव होतं सुभाष देशमुख यांचं. ते तेव्हा महाराष्ट्राचे सहकारमंत्री आणि भाजपचे नेते होते. गरज खरी असली की तिला राजकीय रंगांची अडचण होत नाही, हे त्यातून दिसलं. कलबुर्गीहून सोलापूर रेल्वेने दोनेक तासांवर आहे. देशात ठिकठिकाणी अशा लहान बिनव्याजी पतसंस्था काम करतात. सभासदाकडून फक्त कामकाजाचा खर्च घेतात, आणि तो खर्च कर्जाच्या रकमेवर टक्क्याने न वाढवता प्रत्यक्ष झाला तेवढाच घ्यावा, अशी अपेक्षा असते.

आणि जिथे सरळ वाट अरुंद असते तिथे चोरवाटा निघतात. बंगळुरूची आय मॉनेटरी अॅडव्हायजरी, लोकांच्या तोंडी आयएमए, २००६मध्ये सुरू झाली. हलाल गुंतवणूक, सोन्या-चांदीचा व्यापार, नफ्यात वाटा, असं सांगून तिने कर्नाटकभर आणि बाहेरही पैसे गोळा केले. पैसे देणाऱ्याला ‘ठेवीदार’ न म्हणता ‘भागीदार’ म्हटलं. धर्मगुरूंचे शब्द पाठीशी उभे केले. जून २०१९मध्ये संस्थापक दुबईला निघून गेला आणि शिवाजीनगरच्या कार्यालयासमोर हजारो माणसं जमली. प्रकरण सुमारे चार हजार कोटींचं. तक्रारींची संख्या चाळीस हजारांच्या वर गेली. संस्थापकाला जुलैत दिल्लीला उतरताच अटक झाली. पैसा गेला तो निवृत्तीच्या रकमांचा, मुलींच्या लग्नासाठी जमवलेल्या दागिन्यांचा, आखाती देशांत राबून पाठवलेल्या पगारांचा.

इथे आपला प्रश्न लावून पाहा. आयएमएचा परतावा महिन्याला शेकडा अडीच-तीनच्या आसपास सांगितला जाई, आणि तो वर्षानुवर्षं जवळपास सारखा येत राहिला. शेकडा तीन! आपल्याकडच्या खासगी सावकाराचा हा ओळखीचा दर आहे. खऱ्या मुदारब्यात एखाद्या महिन्यात नफा कमी येईल, एखाद्या महिन्यात काहीच येणार नाही, एखाद्या वर्षी भांडवलाला कात्री लागेल. जिथे तोटा कधी दिसतच नाही तिथे व्यापार होत नसतो. ज्यांना मुदारबा नीट समजला होता त्यांना केवळ त्या सारख्या आकड्यावरून संशय यायला हवा होता. श्रद्धेने हिशेबाची जागा घेतली, आणि फसवणाऱ्याला तेवढंच हवं होतं. यात ठेवीदारांना दोष द्यायला माझं मन होत नाही. ज्यांनी तपासायचं त्यांनी, म्हणजे नियामकांनी आणि शिफारस करणाऱ्यांनी, वेळेत तपासलं नाही.

कुराणातली सर्वांत लांब आयत नमाजाची नाही, रोजाची नाही. ती देण्याघेण्याच्या कागदाची आहे: मुदतीचा व्यवहार केलात तर लिहून ठेवा, लिहिणारा प्रामाणिक असावा, मजकूर देणेकऱ्याने सांगावा, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नये. हलाल म्हणून कोणी पैसे मागायला आला, मग तो ओळखीचा असो की मशिदीतला, त्याच्याकडे चार गोष्टी लेखी मागा. धंदा कोणता, माल कुठे आहे, गेल्या तीन वर्षांचा ताळेबंद कुठे आहे, आणि तोटा झाला तर तो कोणाचा. नोंदणी सहकार खात्याकडे आहे की नाही, ते स्वतः जाऊन पाहा. आणि पैसे दिलेत तर पावती घेतल्याशिवाय उठू नका. बेदरच्या दरबारात विठूनेही घेतली होती.